शेळी लंगडूं लागली म्हणजे



या लेखाच्या आरंभींच मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. कारण पुढें जें कांहीं लिहिलें आहे, तें शिकण्याची बुद्धि मला त्या चुकीमुळेंच झाली.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. श्रावण महिना होता. मुर्रीच्या सभोंवारच्या बांध्यांत रोवणी नुकतीच आटोपली होती, आणि धुऱ्यावरून चालणाऱ्या माणसाचा पायही घोट्यापर्यंत चिखलांत रुतत होता. आमच्या वस्तींतील एक वृद्ध विधवा बाई सायंकाळीं माझ्या दारीं आल्या व म्हणाल्या, "गुरुजी, तुमी शिकले माणूस. माह्या शेरीचा पाय पाहून द्या जी." आपल्या झाडीच्या बोलींत शेळीस शेरी म्हणतात, हें आपणांस ठाऊकच आहे. मी त्यांच्या अंगणांत गेलों. शेळी पुढला डावा पाय उचलून तीन पायांवर उभी होती. पावसाळ्यांत लंगडणाऱ्या शेळीस खुरसडा झालेला असतो, असें मीं एका पुस्तकांत वाचलें होतें. म्हणून चार हात दूर उभा राहूनच मीं निदान सांगून टाकलें, आणि मोरचुदाच्या पाण्यांत रोज पाय बुडवावयास सांगून घरीं परतलों.

बाईंनीं माझ्या शब्दावर विश्वास ठेवून आठ दिवस तसें केलें. नवव्या दिवशीं खुरावरचा सांधा लिंबाएवढा सुजला, तेव्हां आम्हीं शेळी पशुवैद्यकीय दवाखान्यांत नेली. डॉक्टरांनीं पाय उचलला, कोमट पाण्यानें धुतला, दोन खुरांमधील बेचकी बोटांनीं फांकविली, आणि चिमट्यानें बाभळीचा अर्ध्या बोटाएवढा मोडका कांटा बाहेर काढिला. त्यामागोमाग पू आला. तो कांटा पहिल्याच दिवशीं निघाला असता, तर गोष्ट तेथेंच संपली असती. परंतु आतां पू सांध्यांत उतरला होता. शेळी जगली, पण तो सांधा कायमचा आखडला. दुखण्यानें तिचें दूध आटलें व तिच्या दोन करडांपैकीं एक दगावलें. बाईंनीं मला एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. डॉक्टर एवढेंच म्हणाले, "गुरुजी, आधीं पाय उचलून पाहावयाचा असतो."

'उंटावरून शेळ्या हांकणें' हा वाक्प्रचार मीं वर्गांत कितीदां तरी शिकविला आहे. त्याचा अर्थ मला स्वतःला त्या दिवशीं समजला.

शेळीस गरिबाची गाय म्हणतात. आपल्या शाळेंतील पुष्कळ मुलांच्या घरीं दोन-चार शेळ्या असतात. वह्यापुस्तकांचा, दुखण्याबाण्याचा, सणावाराचा खर्च कित्येकदां एखादें करडूं विकूनच भागतो. शेळी चालली तर चरते, चरली तर दूध देते. पाय दुखूं लागला कीं ती कळपाच्या मागें पडते, चारा कमी खाते, रोड होते, आणि शेवटीं मिळेल त्या भावानें खाटकाच्या हातीं जाते. म्हणून तिच्या पायांविषयीं थोडेंसें ज्ञान प्रत्येक घरीं असणें अगत्याचें आहे. शिवाय, सुटीच्या दिवशीं शेळ्या चारावयास नेतो तो बहुधा विद्यार्थीच असतो; शेळी लंगडतांना तिला प्रथम पाहतो तोही तोच. यास्तव हा पाठ विशेषेंकरून तुमच्यासाठीं आहे. पालकांनींही तो वाचावा अशी विनंती आहे.

लंगडणें हा रोग नव्हे

पहिली गोष्ट ध्यानांत ठेवावयाची ती ही कीं, लंगडणें हें एका रोगाचें नांव नव्हे. तें एक चिन्ह आहे. मनुष्यास ताप आला म्हणजे तो हिवतापाचाच असतो असें नाहीं, त्याचप्रमाणें शेळी लंगडली म्हणजे तिला खुरसडाच झाला असें नाहीं. कांटा, गोचीड, वाढलेला खूर, जंतु, विषाणु, अति धान्य खाणें, सांध्यांतील पू, मोडलेलें हाड, यांपैकीं कोणतेंही कारण असूं शकेल. प्रत्येकाचा उपाय निराळा. आणि एकाचा उपाय दुसऱ्यास केला तर बहुमोल दिवस फुकट जातात. माझ्या हातून झालें तें हेंच.

पायाची रचना

शेळी व मेंढी यांचा प्रत्येक पाय दुभंगलेला असतो. त्यास दोन मोठे खूर असतात. तीं वस्तुतः तिच्या दोन बोटांचीं अग्रें होत. मागच्या बाजूस, थोडे वर, दोन लहान खूर असतात. ते जमिनीस टेकत नाहींत. दोन मोठ्या खुरांमधील फटीस आपण बेचकी म्हणूं. तेथें कातडी नाजूक असते, आणि चिखल, शेण, खडे, कांटे हे सर्व तेथेंच अडकतात.

खुराचें बाहेरचें कवच आपल्या नखासारखें निर्जीव असतें. तें कापिलें तरी दुखत नाहीं. परंतु त्याच्या आंत सजीव, रक्तानें भरलेला नाजूक थर असतो व त्याच्या आंत हाड असतें. कवच घट्ट असल्यामुळें आंत सूज किंवा पू झाल्यास त्यास पसरण्यास जागा मिळत नाहीं. म्हणून थोड्याशा पुवानेंही शेळीस असह्य वेदना होतात. जेथें केंस संपतात व खूर सुरू होतो, त्या कडेपासून खूर खालीं वाढत येतो. कित्येक रोगांचीं पहिलीं चिन्हें याच कडेवर उमटतात.

सांध्यांविषयीं एक मौज सांगण्याजोगी आहे. शेळीच्या पुढल्या पायास आपण ज्यास गुडघा म्हणतों, तें खरोखर आपल्या मनगटाच्या जागीं आहे. आणि मागल्या पायाचा जो मागें टोंकदार दिसणारा सांधा, तो आपल्या घोट्याच्या व टाचेच्या जागीं आहे. अर्थात् शेळी आयुष्यभर बोटांच्या अग्रांवर चालते. तिच्या खुरांवर किती भार पडत असेल, याची कल्पना आपण चवड्यांवर शंभर पावलें चालून करून घ्यावी.

मेंढीच्या पायांत आणखी एक विशेष आहे. तिच्या प्रत्येक पायाच्या समोरच्या बाजूस, बेचकीच्या किंचित् वर, एक बारीक छिद्र असतें व त्यांतून मेणासारखा पदार्थ पाझरतो. ही निसर्गानें दिलेली ग्रंथि होय. अजाण माणूस तीस रोग समजून पिळीत बसतो. तसें करूं नये. मात्र छिद्र मातीनें बुजून तेथें सूज आली असल्यास पशुवैद्यास दाखवावें.

पाहण्याची रीत

पाहणें हें एक शास्त्र आहे व तें क्रमानें करावें.

प्रथम शेळीस सपाट जागीं मोकळें चालूं द्यावें व दुरून पाहावें. पुढला पाय दुखत असला तर तो जमिनीवर टेकतांना ती डोकें वर उचलते, व चांगला पाय टेकतांना डोकें खालीं आणते. मागला पाय दुखत असला तर त्या बाजूचा पुठ्ठा चालतांना अधिक वर उचलला जातो. दोन्ही पुढले पाय दुखत असले तर ती गुडघे टेकून चरते. कळपांत एकच जनावर लंगडतें आहे, कीं एकाच दिवशीं अनेक लंगडूं लागलीं आहेत, हेंही पाहून ठेवावें. या एका प्रश्नाच्या उत्तरानें निदान अर्धे होतें.

मग शेळीस एकानें धरावें व दुसऱ्यानें पाय उचलावा. तो कोमट पाण्यानें स्वच्छ धुवावा. चिखलानें माखलेल्या पायांत कांहींही दिसत नाहीं. नंतर बेचकी फांकवून पाहावी, खुराचा तळ पाहावा, केंसांची कडा पाहावी. खूर हातानें चाचपून तो इतर खुरांपेक्षां ऊन लागतो काय तें पाहावें. हलकेंच दाबून शेळी कोठें पाय ओढून घेते तें पाहावें. वास घ्यावा, कारण वासानेंही एक रोग ओळखतां येतो. खालीं कांहीं न सांपडल्यास एकेक सांधा चाचपीत वर जावें. चारी पाय पाहावेत. लंगडणाराच तेवढा पाहून थांबूं नये. शेवटीं तोंड, डोळे, कास व बेंबी पाहावी. हें सर्व करण्यास पाव तासही लागत नाहीं.

बेचकींतील इजा

कांटा, कांच, खिळा, तुटकी तार, धारदार खडा, यांपैकीं कांहीं रुतलें असल्यास तें काढून जखम जंतुनाशक औषधानें धुवावी व शेळी दोन-चार दिवस कोरड्या जागीं बांधून तेथेंच चारा द्यावा. बेचकींत गोचीड चिकटली असली तरी शेळी लंगडते. ती चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी. पावसाळ्यांत उघड्या जखमेवर माशा बसून अळ्या पडतात. अशा वेळीं विलंब न करितां पशुवैद्याकडून अळ्या काढवून घ्याव्या.

एक सावधगिरीची सूचना येथेंच देतों. खिळा लागल्यावर कांहीं दिवसांनीं शेळीचे चारी पाय काठीसारखे ताठ झाले, कान उभे राहिले व जबडा उघडेनासा झाला, तर तें लंगडणें नव्हे, तो धनुर्वात होय. तेथें घरगुती उपाय चालत नाहींत.

खुरसडा

आतां ज्या रोगाचें नांव मीं उगीचच घेतलें, त्याची खरी ओळख करून घेऊं. सतत ओल्या, शेणानें भरलेल्या जागीं उभें राहिल्यानें बेचकींतील कातडी भिजून मऊ पडते. शेणांत राहणारे फ्युझोबॅक्टेरियम नेक्रोफोरम नांवाचे जंतु तींत शिरतात. कातडी लाल व ओलसर होते, शेळी लंगडते, पण दुर्गंधि येत नाहीं. येथवर हा साधा दाह असतो. जागा कोरडी केली व जंतुनाशक औषध लाविलें म्हणजे तो बहुधा बरा होतो. परंतु त्यांत डायकेलोबॅक्टर नोडोसस नांवाच्या दुसऱ्या जंतूची भर पडली, कीं खरा खुरसडा सुरू होतो. हा जंतु खुराचें कवच आंतल्या मांसापासून सोडवीत जातो. कवचाखालीं करड्या रंगाचा लिबलिबीत पदार्थ सांचतो व त्यास एक विशिष्ट घाण येते. ती एकदां नाकास कळली म्हणजे विसरत नाहीं.

फार दिवस लोकांची अशी समजूत होती, कीं हा रोग केवळ ओलाव्यानें होतो. इ. स. १९४१ सालीं ऑस्ट्रेलियांतील बेव्हरिज नामक शास्त्रज्ञानें सिद्ध केलें, कीं ओलावा वाट मोकळी करून देतो, परंतु रोग होण्यास तो विशिष्ट जंतु पाहिजे. हा जंतु हवेस सोसत नाहीं; पायाबाहेर, मातींत, तो साधारणतः दोन आठवड्यांपेक्षां फार अधिक जगत नाहीं. मात्र लंगड्या जनावराच्या खुराखालीं तो महिनोन्महिने दडून बसतो. यावरून काय निष्पन्न होतें? रोगाचें घर चिखल नव्हे, आजारी पाय हें आहे. म्हणून लंगडें जनावर निराळें बांधावें, आणि बाजारांतून आणिलेली नवी शेळी तीन आठवडे कळपांत मिसळूं देऊं नये.

उपचाराविषयीं जुनी रीत अशी होती, कीं सडलेला खूर रक्त येईपर्यंत तासावा. ही रीत आतां चुकीची ठरली आहे. इंग्लंडांतील वॉरिक विद्यापीठाच्या संशोधकांनीं इ. स. २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्या मेंढ्यांस प्रतिजैविकाचें इंजेक्शन व वरून जंतुनाशक औषध दिलें पण खूर तासला नाहीं, त्या लवकर बऱ्या झाल्या. ज्यांचा खूर तासला त्यांस बरें होण्यास अधिक दिवस लागले. म्हणून दुखऱ्या पायावर सुरी चालवूं नये. इंजेक्शन कोणतें व किती, हें पशुवैद्यानेंच ठरवावें. आणि तें दिल्यावर ते सांगतील तितके दिवस त्या शेळीचें दूध घरांत वापरूं नये.

कळपांत रोग पसरूं नये म्हणून पाय बुडविण्याचें पाणी करितात. दहा लिटर पाण्यांत एक किलो झिंक सल्फेट विरघळवून तें उथळ हौदांत किंवा घमेल्यांत घ्यावें. पाय आधीं धुवावे, मग त्या पाण्यांत कांहीं मिनिटें उभें करून नंतर कोरड्या जागीं ठेवावें. मोरचूदही वापरतात, परंतु तांबें हें मेंढीस विष आहे. तें पाणी तिनें प्यालें तर ती दगावूं शकते. यास्तव औषधाचें पाणी उघडें टाकून कधींही जाऊं नये.

वाढलेले खूर

खडकाळ माळावर दिवसभर हिंडणाऱ्या मेंढ्यांचे खूर आपोआप झिजतात. परंतु आपल्याकडे धानाची मऊ जमीन, आणि पिकें उभीं असतां शेळ्या सांदवाडींत बांधून ठेवण्याची रीत. त्यामुळें खूर झिजत नाहींत, आणि ते तर महिन्यास कांहीं मिलिमीटर वाढतच असतात. मग ते पुढें चपलेसारखे वळतात किंवा तळाखालीं दुमडतात; त्या दुमडींत शेण सांचतें, शेळीचा तोल मागें जातो व सांध्यांवर ताण पडतो. असे खूर धारदार कात्रीनें किंवा सुरीनें थोडे थोडे कापावे. तळ गुलाबी दिसूं लागला कीं थांबावें, कारण त्यापुढें सजीव भाग आहे. रक्त काढणें हें कौशल्य नव्हे. खूर दुखत नसतांनाच हें काम करावें. आणि गाभण शेळीस शेवटच्या दिवसांत उलटीपालटी करूं नये. गोठ्याच्या दाराशीं खरबरीत दगडांची फरसबंदी केल्यास जातांयेतां खूर झिजतात, आणि खर्चही होत नाहीं.

अनेक जनावरें एकदम लंगडूं लागलीं तर

अशा वेळीं कांट्याचा विचार सोडून साथीच्या रोगाचा संशय घ्यावा. त्यांत दोन मुख्य आहेत.

पहिला लाळ्या-खुरकूत. हा विषाणूपासून होतो. जर्मनींत लफ्लर व फ्रॉश यांनीं इ. स. १८९८ सालीं हें दाखविलें. प्राण्यांचा एखादा रोग जंतूंहून सूक्ष्म अशा विषाणूपासून होतो, हें तेव्हां प्रथमच सिद्ध झालें. गाईबैलांत तोंडांतून लाळ गळते, म्हणून रोग लपत नाहीं. शेळ्यामेंढ्यांत तोंडांतील फोड बारीक असतात व लवकर बुजतात. कित्येकदां ताप व लंगडणें एवढेंच दिसतें, आणि बेचकींत व केंसांच्या कडेवर फोड आढळतात. मोठ्या शेळ्या बहुधा बऱ्या होतात, परंतु लहान करडांच्या हृदयावर आघात होऊन तीं अकस्मात् मरतात. शिवाय अशी शेळी शेजाऱ्याच्या बैलजोडीस रोग देऊं शकते. या रोगावर लस आहे, इ. स. २०१९ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमांत शेळ्यामेंढ्यांचाही समावेश केला आहे. गांवांत लस टोंचावयास आले असतां शेळ्या रानांत पिटाळणें हा आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणें होय.

दुसरा नीलजिव्हा. याचा व आपल्या प्रांताचा विशेष संबंध आहे. कारण भारतांत या रोगाची पहिली नोंद इ. स. १९६४ सालीं महाराष्ट्रांतील शेळ्यामेंढ्यांतच झाली. हा रोग मूळचा दक्षिण आफ्रिकेंत ओळखला गेला. तेथें डु टॉइट या शास्त्रज्ञानें इ. स. १९४४ सालीं दाखवून दिलें, कीं तो क्युलिकॉइडिस जातीच्या बारीक चिलटांच्या चाव्यानें पसरतो. म्हणून पावसाळ्यांत व त्यानंतर, पाणी सांचलेल्या दलदलीच्या जागीं, तो अधिक होतो. ताप येतो, तोंड व ओठ सुजतात, नाक वाहतें, जीभ कधीं कधीं निळसर होते. आणि खुरावरील केंसांची कडा लाल होऊन मेंढी पाठ वांकवून अवघडल्यासारखी चालते. शेळ्यांपेक्षां मेंढ्यांस हा फार बाधतो. विषाणूवर औषध नाहीं. सांवलींत विश्रांति, मऊ चारा, पाणी व शुश्रूषा हेंच खरें. संध्याकाळीं कळप बोडीच्या कांठावरून दूर आणावा व गोठ्यांत धूर करावा. प्रतिबंधक लसही निघाली आहे; तिच्याविषयीं दवाखान्यांत चौकशी करावी.

पोटांतून पायांत उतरणारें दुखणें

हें शीर्षक वाचून आपणांस आश्चर्य वाटेल. परंतु धानाच्या मुलखांत हें दुखणें विशेष ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. मळणीच्या दिवसांत शेळी खळ्यावर शिरते व पोटभर धान खाते. किंवा लग्नाच्या पंगतींतला उरलेला भात तिच्यापुढें मोठ्या प्रेमानें टाकण्यांत येतो. शेळीच्या पोटांतील सूक्ष्म जीव गवत पचविण्यास संवयलेले असतात. एकदम इतका पिठूळ पदार्थ मिळाल्यावर त्याचें आम्ल बनतें, पोट फुगतें, शेळी सुस्त होते, तिला जुलाब लागतात. ती यांतून वांचलीच, तर त्या आम्लाच्या परिणामानें खुराच्या आंतील सजीव थरास दाह होतो. खूर ऊन लागतात, आणि शेळी अंगारावर चालल्याप्रमाणें पाऊल टाकते. जखम कोठेंच नसते, म्हणून लोक दृष्ट काढीत बसतात. येथें पहिल्या कांहीं तासांचेंच मोल आहे: धान्य ताबडतोब दूर करावें, सुकें गवत तेवढें पुढें ठेवावें व पशुवैद्यास बोलवावें. खळ्यास कुंपण करणें हाच यावर सर्वांत स्वस्त उपाय होय.

सांध्यांचे रोग

करडूं किंवा कोकरूं जन्मल्यावर त्याची ओली बेंबी ही जंतूंस उघडें दार असते. घाणेरड्या जमिनीवर जंतु तेथून रक्तांत शिरतात व सांध्यांत जाऊन बसतात. कांहीं दिवसांनीं गुडघे सुजतात, ऊन लागतात, पिलूं उठत नाहीं व उपाशीं मरतें. हा रोग झाल्यावर बरा करणें कठीण, पण टाळणें अगदीं सोपें आहे. व्यायच्या जागीं सुकी तणीस पसरावी; बेंबी जन्मतांच टिंक्चर आयोडिनांत बुडवावी; आणि पिलास पहिल्या तासाच्या आंत आईचा चीक पाजावा. 'चीक बाधतो' अशी समजूत कोठें कोठें आहे, ती सोडावी. चिकांतूनच पिलास रोगाशीं झगडण्याची शक्ति मिळते.

मोठ्या शेळ्यांत सांधे, कास व डोळे हीं तिन्ही एकदम बिघडलीं, दूध पातळ होऊन आटलें, तर तो मायकोप्लाझ्मा नांवाच्या जंतूंचा सांसर्गिक रोग असूं शकतो. अशी शेळी तत्काळ वेगळी करावी. आणखी एक विषाणुजन्य संधिवात आहे. त्याचा विषाणु इ. स. १९८० सालीं अमेरिकेंत वेगळा काढण्यांत आला. तो आईच्या दुधांतून करडांस लागतो, आणि वर्षांनुवर्षांनीं त्यांचे गुडघे हळूहळू फुगत जातात. त्यास औषध नाहीं व लसही नाहीं. म्हणून अशा गुडघ्यांची शेळी पैदाशीसाठीं विकत घेऊं नये.

कांहीं घातक रूढि

सुजलेल्या सांध्यावर तापलेल्या लोखंडाचा डाग देणें ही रूढि अजून पुष्कळ ठिकाणीं आहे. ती देणारे लोक निर्दय असतात असें नव्हे. त्यांस दुसरा उपाय कोणीं दाखविलेला नसतो. परंतु डागानें आंतील पू नाहींसा होत नाहीं. मूळच्या दुखण्यांत भाजल्याची एक जखम मात्र वाढते. जखमेंत रॉकेल, बॅटरींतील भुकटी किंवा यंत्राचें जळकें तेल ओतणें हेंही तसेंच.

पशुवैद्यक आतां आपणांस दुर्लभ राहिलेलें नाहीं. मुंबईस पशुवैद्यक महाविद्यालय इ. स. १८८६ सालीं निघालें, तेव्हां आपल्या भागांतील शेतकऱ्यास त्याची वार्ताही नव्हती. पुढें इ. स. १९५८ सालीं नागपुरास असें महाविद्यालय झालें, आणि इ. स. २००० सालीं तेथेंच महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालें. फिरत्या पशुवैद्यकीय पथकास १९६२ या क्रमांकावर विनामूल्य दूरध्वनि करितां येतो. तुमच्यापैकीं कोणी या विद्येकडे वळेल, तर शेतकऱ्याच्या घरांत त्यास मोठा मान मिळेल. परंतु डॉक्टर येईपर्यंत पाय उचलून, धुऊन, नीट पाहून ठेवणें व पाहिलेलें त्यांस नेमकें सांगणें, हें काम आजच आपल्या हातचें आहे.

त्या बाई आतां थकल्या आहेत. त्यांच्या त्या शेळीची एक नात माझ्या अंगणांत बांधलेली असते. दर रविवारीं सायंकाळीं मी तिचे चारी पाय उचलून पाहतों. बहुधा कांहींच निघत नाहीं. शेजारचीं मुलें हंसतात, पण आतां त्यांच्यापैकीं दोघे आपापल्या शेळ्यांचे पाय तसेच पाहूं लागले आहेत, हें मीं कुंपणावरून पाहिलें आहे. मुक्या प्राण्यास आपलें दुखणें सांगतां येत नाहीं. तो एक पाय उचलून उभा राहतो, एवढेंच त्याचें सांगणें. तें ऐकण्यासाठीं आपण खालीं वांकलें पाहिजे.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. पुढला पाय दुखत आहे कीं मागला, हें दुरून कसें ओळखावें?

२. बेचकींतील साधा दाह व खरा खुरसडा यांत कोणता भेद आहे? दोहोंचे जंतु कोणते?

३. कळपांतील एक शेळी लंगडणें व दहा शेळ्या एकदम लंगडणें, यांवरून निरनिराळे कोणते तर्क करावे?

४. शेळीनें धान अति खाल्लें असतां तिच्या खुरास दाह कां होतो?

५. आपल्या घरच्या किंवा शेजारच्या एका शेळीचे चारी पाय धुऊन पाहा, आणि जें दिसलें तें दहा ओळींत लिहून आणा. जें दिसलें नाहीं तें लिहूं नका.